पिंपळदरीला नवरी हवी

"बाई, एक नवरदेव न एक नवरी पाह्यजे होती. तुमच्यापाशी हायेत म्हने..."

दारातून हा आवाज आला तेव्हा मी स्टुलावर उभी होते. एका हातानं निऱ्या वर धरलेल्या, एक चप्पल इकडे, एक तिकडे. दिग्रसच्या हायस्कूलमधली जीवशास्त्राची बाई, अमरावतीची बी.एस्सी., वय वर्षं तेवीस — आणि माठातून एक बेडूक उडी मारून बाहेर आला म्हणून स्टुलावर!

"ही शाळा आहे," मी वरूनच ओरडले. "लग्नं जुळवायचं ठिकाण नाही!"

"बेडकाचा नवरदेव म्हनतो मी." दारातला माणूस उंच होता, उन्हानं रापलेला, पायजम्याला सायकलची क्लिप. तो आत आला, वाकला आणि पडलेला रुमाल उचलावा तसा तो बेडूक उचलला. "हा चालला असता. पन हा तुमचाच दिसते."

"शाळेचा आहे. आधी माठात टाका, मग बोला!"

त्यानं टाकला. वर ताटली झाकली, ताटलीवर वीट ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता उतरा तुमी. मी तिकडे पाहून राह्यलो." आणि खरंच भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे तोंड करून उभा राहिला, मला दोन्ही चपला सापडेपर्यंत. खोटं कशाला बोलू... त्या पाठमोरं उभं राहण्यामुळेच मला त्याच्याकडे नीट बघावंसं वाटलं.

सन पासष्टचा आषाढ होता तो. आकाश कोरडं ठणठणीत. पेरलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, जमिनीतच करपत होती. तीन मैलांवरच्या पिंपळदरीच्या बायांनी ठरवलं होतं की बेडकांचं लग्न लावायचं, म्हणजे पाऊस येतो. आमच्याकडे ही रीत जुनीच. पण लग्नाला बेडूक कुठून आणणार? नाला आटलेला. जे थोडेफार उरले होते, ते माझ्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिकासाठी आधीच गोळा केलेले.

"म्हनजे आमच्या गावचे सारे बेडूक तुमच्या माठात," तो म्हणाला. "मी घनश्याम. पिंपळदरीचा ग्रामसेवक. संकरित ज्वारीवर भाषन देतो, खताचं सांगतो... अन् आता बेडकासाठी वणवण फिरून राह्यलो. हसू नका. गावात सायकल माह्याचपाशी हाये, म्हनून मले धाडलं."

मी हसत नव्हते. म्हणजे प्रयत्न करत होते.

"नाही देता यायचे," मी सांगितलं. "आठच आहेत. शनिवारी शिक्षण खात्याचे साहेब येणार, वर्ग तपासायला. जीवशास्त्र यंदाच सुरू झालंय शाळेत. साहेब खूश झाले तर वर्ग पक्का, माझी नोकरी पक्की. नाही तर मी परत फुलसावंगीला."

"फुलसावंगी काही वाईट नाही."

"तिथं महागावचा एक कारकून माझ्यासाठी ठरवून ठेवलाय बाबांनी. वर्ग बंद पडला तर दसऱ्याच्या आत लग्न — बोली झालीय तशी. अन् मला लग्न करायचं नाही!"

हे सगळं मी एका अनोळखी माणसाला का सांगितलं, देव जाणे. त्यानं मान डोलावली, जसं काही मी खताचा भाव सांगितला.

"दोनच द्या," तो हळूच म्हणाला. "दोन दिवसात दुसरे आनून देतो. माहा शब्द."

त्याच्या शब्दात काय होतं? काही नाही. आवाज मात्र असा होता की नाही म्हणवेना.

पण नर कोणता, मादी कोणती? ते तर मीच सांगायला हवं! पुस्तकात वाचलेलं: नराच्या गळ्याला दोन्हीकडे सुरकुतलेल्या पिशव्या, पुढच्या पायाच्या अंगठ्याला गादी; मादी आकारानं मोठी. पाठ होतं, अगदी चित्रासकट. फक्त एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. कॉलेजात चार मुलींत एक बेडूक मिळायचा आणि मी नेहमी वही धरायचे. बेडकाला मी कधी हातच लावला नव्हता.

"धरा ना," घनश्याम म्हणाला. "नुसतं पाहून कसं समजन?"

आता माघार कशी घेणार? मी डोळे मिटले आणि हात पुढे केला. गार, बुळबुळीत, आणि मधोमध धडधडणारं काहीतरी... माझा हात इतका थरथरला की त्यानं खालून आपला तळवा लावला. "पडत नाही," तो म्हणाला. "मी हावो ना."

त्यानंतर मी काय बघितलं, काय नाही, मला आठवत नाही. एक जरा थोराड दिसला, तो मी मादी म्हणून दिला. दुसरा नर. "पक्कं?" त्यानं विचारलं. "पक्कं!" मी ठसक्यात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लग्न. नवरी माझ्याकडची, म्हणून नवरीकडून मी हवीच, असा गावच्या बायांचा हट्ट. मारुतीच्या पारावर दोन पाटांवर दोन बेडूक, ओल्या फडक्यात गुंडाळलेले. कपाळाला हळद, बोटभर मुंडावळ्या. भागीरथाबाई म्हणून सत्तरीची म्हातारी सगळ्यांना हुकूम सोडत होती. अंतरपाट म्हणून तिचाच रुमाल, एक टोक माझ्या हातात, दुसरं घनश्यामच्या. रुमाल तो केवढा! आमच्यात वीतभर अंतर. मी बेडकांकडे बघत होते. तो मात्र बेडकांकडे बघत नव्हता, हे मला न बघताही कळत होतं.

अक्षता पडल्या. बायांनी दोघांवर घागरभर पाणी ओतलं. अंगावर पाणी पडताच नवरदेवानं गळा फुगवला, "डराँव!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि लगेच नवरीनंही गळा फुगवला. दोन्हीकडच्या पिशव्या टम्म. "डराँव! डराँव!"

टाळ्या थांबल्या.

"काय व माय," भागीरथाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मादी कधी अशी वरडते काय? हे त दोन्ही नवरदेव हायेत!"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. सगळं गाव माझ्याकडे वळलं. तेवढ्यात घनश्याम म्हणाला, "अवो आजी, शिकलेल्या बाईनं धाडलेली नवरी हाये. ती बोलनारच!"

पोरीबाळी फिदीफिदी हसल्या, पण म्हातारी हसली नाही. तिचा डोळा त्या पाटांवर नव्हता, कोरड्या शेतांवर होता. बेडूक विहिरीत सोडून दिले आणि ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, तुमची गंमत होते, आमचं वरीस जाते."

ते मला फार लागलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी मुख्याध्यापक विठ्ठलरावांनी बोलावलं. पिंपळदरीची तक्रार शाळा समितीकडे पोचली होती. बाई बेडूक कापते, लग्नाला खोटी नवरी देते, पाऊस यायचा कसा? समितीनं ठराव केला होता की पाऊस पडेस्तोवर शाळेत एकही बेडूक कापायचा नाही.

"आणि शनिवार?" मी विचारलं.

विठ्ठलरावांनी चष्मा पुसला. भला माणूस, पण समितीपुढं त्यांचं काही चालत नसे. "साहेब प्रात्यक्षिक मागतील. प्रात्यक्षिक नाही तर मंजुरी नाही. तुम्हीच बघा आता."

गुरुवारी चार वाजता शाळेच्या फाटकाशी सायकल उभी. घनश्याम.

"आजी म्हनते, खरी नवरी आना, म्हनजे लग्न पुन्हा लावू. अरुणावतीच्या डोहात अजून पानी हाये. चालता?"

"मी? माझ्यावर विश्वास आहे अजून?"

"बेडकाच्या बाबतीत नाही," तो म्हणाला. "बाकी सगळ्या बाबतीत हाये."

माझे सहाही विद्यार्थी बरोबर निघाले. त्यांत जमनी सगळ्यात पुढं. बंजारा तांड्यावरची ही पोर मॅट्रिकच्या वर्गातली एकुलती एक मुलगी. गुडघाभर चिखलात ती अशी शिरली की मुलं काठावरच राहिली. मीसुद्धा पदर खोचला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या वर्गाला खरं जीवशास्त्र शिकवलं — चिखलात उभी राहून, हातात बेडूक धरून, अंगठ्याची गादी बोटानं चाचपायला लावून. चुकलेला माणूस किती मन लावून शिकवतो!

"नर!" जमनी ओरडायची. "हा बी नर! बाई, नवरीचा दुष्काळ हाये इथं बी!"

घनश्याम माझ्या शेजारी पाण्यात हात घालून उभा होता. मी हळूच म्हटलं, "त्या दिवशी मी किती खात्रीनं सांगितलं होतं तुम्हाला... लाज वाटते."

त्यानं पाण्यातून हात बाहेर काढला आणि म्हणाला, "मले माहीत होतं."

"काय?"

"दोन्ही नर हायेत म्हनून. कास्तकाराचं पोरगं हावो मी. नाल्यातच वाढलो."

मी हातातला चिखल तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिले. "माहीत होतं? आणि बोलला नाहीत? माझी नोकरी जायची वेळ आली! अख्ख्या गावासमोर नाक कापलं गेलं माझं! काहून नाही सांगितलं?"

"तुमी पह्यल्यांदा बेडूक हातात धरला होता." त्याचा आवाज अगदी खाली आला. "हात कसा कापत होता तुमचा... तरी सोडला नाही तुमी. म्हटलं, आता चुकलं म्हनून सांगतलं, त ह्या परत कधी हात लावनार नाहीत. वाटलं, लग्नात कोन पाह्यते नर-मादी? पानी ओततील हे ध्यानातच नाही आलं. चूक माहीच हाये. आजीले बी सांगतलं मी तसं. समितीले बी सांगीन."

इतकी वर्षं लोक मला माझ्या चुका दाखवत आले होते — बाबा, प्रोफेसर, विठ्ठलराव. माझा हात पुन्हा मागे जाऊ नये म्हणून माझी चूक पदरात घेणारा हा पहिलाच. राग आला होता, खरंच आला होता... पण तो कुठेतरी त्या डोहातच विरघळला.

"पुन्हा असं करायचं नाही," मी म्हटलं.

"नाही."

"चुकले तर तोंडावर सांगायचं."

"सांगीन. मंग... नाकाले चिखल लागला तुमच्या."

मी नाक पुसलं आणि चिखल अजून पसरला. तो हसला, आणि मीही.

"सापडली!" तिकडून जमनी ओरडली. थोराड, गळा सपाट, अंगठा गुळगुळीत. यावेळी मी तीनदा तपासलं. घनश्यामनं तिला उचलून उतरत्या उन्हासमोर धरलं. तिनं मागचा पाय ताणला, बोटं फाकली आणि बोटांमधला पडदा उन्हात पारदर्शक झाला. त्यात बारीक बारीक लाल रेघा...

"थांबा!" मी त्याचं मनगटच धरलं. "हलू नका. तसाच धरा."

"धरतो," तो म्हणाला. "पाह्यजे तेवढा वेळ."

मनगट सोडायला मला उशीर झाला. पण मी तेव्हा खरंच पडद्याकडे बघत होते, शपथ! शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता, विठ्ठलरावांच्या कपाटात कुलपात. जिवंत बेडकाचा पाय त्याच्याखाली ठेवला तर? कापायची गरजच काय!

शुक्रवारी पिंपळदरीत लग्न पुन्हा लागलं. नवरी एक अक्षर बोलली नाही. त्यानं पाऊस आला का, हे मला विचारू नका. आला, बारा दिवसांनी. भागीरथाबाईंचं मत वेगळं, वेधशाळेचं वेगळं.

शनिवारी सकाळची शाळा. साहेब काळ्या कोटात आले. खिडकीबाहेर पिंपळदरीची वीसेक माणसं, पुढं भागीरथाबाई, बाई सुरी हातात घेते का हे बघायला. आणि नेमका आमच्या खोलीत उजेड नाही! सूक्ष्मदर्शकाला ऊन हवं आणि ऊन सगळं अंगणात.

घनश्याम कुठूनतरी न्हाव्याचा मोठा आरसा घेऊन आला. अंगणाच्या मधोमध उभा राहून त्यानं सूर्याचा एक चौकोन उचलला आणि खिडकीतून नेमका माझ्या टेबलावर आणून ठेवला. "असाच?" त्यानं विचारलं. "थोडा डावीकडे... हं. असाच." पाऊण तास तो तसाच उभा होता, डोक्यावर टोपी नाही, घाम डोळ्यांत. चौकोन मात्र हलला नाही.

"विच्छेदन कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"आज नाही, साहेब. आज आम्ही जिवंत बेडूक शिकवतो आहोत." माझा आवाज कापत होता. हात कापत नव्हता. ओल्या फडक्यात गुंडाळलेला बेडूक फळीवर, फळीला भोक, भोकावर पायाचा पडदा दोऱ्यानं हलकेच ताणलेला. मी भिंग जुळवलं आणि बाजूला झाले.

साहेब वाकले. बराच वेळ उठलेच नाहीत. मग त्यांनी जमनीला बोलावलं. "एका नळीत रक्त धक्के देत चाललंय, दुसरीत संथ. का?"

जमनीनं पदराशी चाळा केला नाही की माझ्याकडे बघितलं नाही. "धक्के देते ती धमनी, साहेब. तिच्यामागं काळजाचा जोर असते. दुसरी शिरा. ती घराकडं वापस चालली, तिले कायची घाई?"

साहेब पहिल्यांदा हसले. आणि तेवढ्यात खिडकीतून आवाज, "मले बी पाहू द्या एक डाव! बेडूक कापला का नाही ते मीच पाह्यते!"

भागीरथाबाई कोणालाही न विचारता आत आल्या. एक डोळा हातानं झाकून भिंगाला दुसरा लावला.

"व माय..." म्हातारी पुटपुटली. "हे त आंगात नाले वाह्यतात! बारके बारके... कसे भरून चालले!" ती वर बघायलाच तयार नाही. "असं पानी आमच्या नाल्याले पाहू दे रे देवा." मग तिनं आपला सुरकुतलेला हात पालथा केला, त्यावरच्या निळ्या शिरा बघितल्या आणि मला विचारलं, "बाई, माह्यात बी असंच?"

"तुमच्यातही, आजी. अगदी असंच."

तिनं माझ्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. बस्स, पिंपळदरीशी माझं भांडण तिथं संपलं.

साहेबांनी शेरा लिहिला: "जीवशास्त्राचा वर्ग मंजूर. विच्छेदन पाऊस पडल्यावर पूर्ण करावे." विठ्ठलरावांनी तो दोनदा मोठ्यानं वाचला. मी धावत अंगणात गेले. घनश्याम आरसा कडुनिंबाला टेकवून तोंडावर पाणी मारत होता.

"झाला!" मी ओरडले. "मंजूर झाला!"

त्याचा चेहरा खुलला. मग हळूहळू शांत झाला. "चांगलं झालं. लय चांगलं झालं. सुटल्या तुमी... आता लग्न नाही करा लागत." त्यानं सायकलचं स्टँड काढलं. "माहं काम बी झालंच इथलं. येतो मी."

येतो म्हणाला. कशाला येणार होता? बेडूक मिळाले होते, लग्न लागलं होतं, वर्ग टिकला होता. सायकल फाटकाबाहेर गेली, धूळ उडाली, बसली. आणि मी उभी. जे मागितलं ते सगळं मिळालेलं असताना छातीत असं कसनुसं का व्हावं? मीच म्हटलं होतं ना, मला लग्न करायचं नाही. त्यानं ते ऐकलं होतं, बिचाऱ्यानं! मनावर घेतलं होतं. आता मी तोंड उघडलं नसतं, तर तो जन्मात उघडणार नव्हता.

रविवार कसा गेला, सांगत नाही. सोमवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पोस्टाच्या पेटीजवळ, मी त्याला गाठलं. तो पंचायत समितीच्या बैठकीला चालला होता.

"थांबा. बाबांना पत्र लिहिलंय. टाकायच्या आधी तुम्ही वाचा. तोंडावर चुका सांगायचं कबूल केलंय तुम्ही."

त्यानं पत्र घेतलं. सायकलवर एक पाय तसाच टेकलेला. मी पेटीच्या तांबड्या रंगाकडे बघत राहिले.

"ती. बाबांस सा. न. वि. वि. वर्ग मंजूर झाला. ठरल्याप्रमाणे मी नोकरी सोडणार नाही. महागावच्या पाहुण्यांना नकार कळवावा. लग्नच नको असं मी म्हणत होते, ते खरं नव्हतं. दुसऱ्यानं ठरवलेलं नको होतं. लग्न करीन तर पिंपळदरीचे ग्रामसेवक घनश्याम यांच्याशी करीन. त्यांना मी अजून विचारलेलं नाही."

त्यानं वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं. कान लाल झालेले मला दिसत होते.

"चूक आहे काही?" मी विचारलं.

"हाये." त्यानं खिशातलं पेन काढलं. "शेवटची ओळ."

सायकलच्या सीटवर कागद ठेवून त्यानं ती ओळ खोडली. खाली आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं: "विचारलं. मी हो म्हणालो."

"पण मी विचारलं कुठे?"

"मंग विचारा ना, बाई..." त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "मी कवापासून उभाच हावो."

मी विचारलं. काय शब्दांत, ते आमचं आम्हाला माहीत.

बाबांचं उत्तर आठ दिवसांनी आलं. मी पाकीट हातात घेऊन संध्याकाळपर्यंत फोडलंच नाही. आत दोनच ओळी होत्या.

"शेवटची ओळ तुझ्या अक्षरात नाही. ज्याच्या अक्षरात आहे, त्याला घेऊन घरी ये."